हूक शोभेचा की ओढायचा?

वाचकहो, तुमच्या दारात जीप असेल-नसेल, पण ट्रॉली नक्की असेल. तुमची नसली तर शेजाऱ्याची असेल आणि ती तुमच्या बांधापर्यंत येत असेल. म्हणून ही हकिगत तुम्हाला सांगायची. त्यातून मी बाईमाणूस. यंत्राच्या गोष्टी बाईने कशाला लिहाव्यात, असं कोणी म्हणेल. म्हणू देत. ट्रॉलीत माल भरताना आम्हीच पुढे असतो आणि काही बरंवाईट झालं तर दवाखान्याच्या दारात बसायलाही आम्हीच असतो.

आमचं घर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पलीकडे. दोन एकर अंजीर आहे, थोडं सीताफळ आहे. आमच्याकडच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. पण मानांकनाने फळ टिकाऊ होत नाही. आज तोडलेलं अंजीर उद्या संध्याकाळी कोणी हातात धरत नाही. बोटाचा डाग पडला की भाव पडला. म्हणून तोडलेला माल रातोरात पुण्याला, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलाच पाहिजे.

माल नेणारा टेंपो पाच-सहा वाड्यांचा मिळून एक. गेल्या मीठ्या बहारात तो दोनदा इतका उशिरा पोचला की आडत्याची पट्टी बघून घरधन्यांनी जेवायचं ताट बाजूला सारलं. ऐन भरात पन्नास क्रेट माल निघतो. आमच्या दहा वर्षांच्या बोलेरोच्या मागच्या सीटा पाडल्या तर वीस बसतात. उरलेल्या तीसांचं काय करायचं?

थोरला मुलगा चाकणच्या कारखान्यात नोकरीला आहे. सुट्टीला आला तेव्हा त्याने गोठ्यामागची ट्रॉली बघितली. फवारणीची टाकी ओढायला गावच्या वेल्डरकडून आम्ही ती दोन चाकांची लहान ट्रॉली करून घेतली होती. तो म्हणाला, "आई, बोलेरोला मागं हूक बसवू. ट्रॉली जोडली की सगळे क्रेट एका खेपेत. टेंपोवाल्याच्या पाया पडायला नको."

परदेशात म्हणे घरोघरच्या मोटारींना असा हूक असतो. मागे लहानशी ट्रॉली, नाहीतर चाकांवरचं आख्खं घर जोडून माणसं सुट्टीला निघतात. तिकडे गाडी बनवणारी कंपनीच लिहून देते, की ही गाडी इतकं वजन ओढील. साडेसातशे किलोच्या वर ट्रॉली गेली तर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक लागतो. इंग्लंडात तर ऑगस्ट १९९८ नंतरच्या मोटारींना हूकसुद्धा तपासून मंजूर झालेलाच लावावा लागतो. हे सगळं मुलानेच सांगितलं. पण त्याच्या बोलण्यातलं आम्हाला सोयीचं तेवढंच आम्ही ऐकलं. हूक बसतो, एवढंच.

घरधन्यांनाही कल्पना पटली. त्यांच्या लहानपणी गावच्या एका बागाईतदाराकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती. तिच्या पाठीला जाड लोखंडी हूक होता आणि मागे एक बुटकी ट्रॉली. फौजेतल्या त्या ट्रॉल्या पाव टनाच्या म्हणून ओळखल्या जात. "तवा जमत हुतं, मग आता का न्हाई जमायचं?" असं म्हणत त्यांनी बंडी चढवली.

एका बुधवारी आम्ही तिघे पुण्याला निघालो. पहिला मुक्काम नाना पेठ. मोटारींच्या सुट्या भागांसाठी ही पेठ प्रसिद्ध आहे. गल्लीच्या दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांच्या कपाळावर टांगलेले आरसे, सायलेन्सर, सीटची कव्हरं. आमच्याकडे जत्रेत बांगड्या टांगतात तशी. मला ती गल्ली आवडली. बाईने नुसतं बघत फिरावं इतकं तिथे आहे, फक्त उपयोगाचं काही नाही.

हूक मागितल्यावर दुकानदाराने काउंटरवर एक चकचकीत वस्तू ठेवली. तोंड दिसेल इतकी झिलई. मुलाचे डोळे चमकले. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "शोभेला पाहिजे का ओढायला?"

घरधनी म्हणाले, "ओढायला. अंजीर न्यायचं हाय."

त्याने ती वस्तू उचलून परत कपाटात ठेवली. म्हणाला, "मग हा नको, काका. हा चार बोल्टांवर बंपरच्या पट्टीला बसतो. मागून मोटारसायकल घासली तर बंपर वाचावा म्हणून लोक घेतात. ह्याला ट्रॉली जोडाल तर घाटात बंपरसकट हातात येईल."

गिऱ्हाईक दारात आलेलं असताना दुकानदार असा बोलला, याचं मला फार बरं वाटलं. मुलाचं तोंड मात्र उतरलं. परत येताना त्याने रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. दर आठ-दहा गाड्यांमागे एकीला तरी तसला चकचकीत हूक होता, आणि त्यांतल्या एकीलाही काही ओढायचं नव्हतं. शिवाय मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या नडगीचं काय होत असेल, ते त्याला विचारावं.

दुकानदारानेच एक पत्ता दिला. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीच्या अंगाला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रॉल्या बांधतात. आम्ही तिथे गेलो. पत्र्याचं छप्पर, वेल्डिंगचा लखलखाट, दारात कुत्रं झोपलेलं. मिस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पाठीखाली पोतं टाकून सरळ गाडीखाली शिरले. आतूनच बोलत होते. मुलगा वाकून ऐकत होता, मी उभ्याने.

त्यांचं म्हणणं तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण ट्रॅक्टरवाल्यांनाही ते उपयोगी आहे. गाड्या दोन जातींच्या. एकीला खाली लोखंडी शिडीसारखा सांगाडा असतो, त्याला चासी म्हणतात. बोलेरो त्या जातीची. दुसरीला वेगळी चासी नसते, पत्र्याचं अंगच तिचा सांगाडा. आजच्या बहुतेक लहान मोटारी तशा. ओढण्याचा जोर चासीवर आला पाहिजे, बंपरवर नाही. म्हणून खरा हूक म्हणजे नुसता हूक नसतो. चासीच्या दोन्ही अंगांना जाड पट्ट्या, मधे आडवा दांडा, त्यावर ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा, आणि ट्रॉलीच्या दांडीला त्या गोळ्यावर बसणारी टोपी. चासीला वाटेल तिथे भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर अजिबात करायचं नाही, कारण तापलेलं लोखंड त्या जागी कमजोर होतं. आणि दोन साखळ्या. दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधायच्या. टोपी निसटलीच तर दांडी जमिनीत न घुसता त्या साखळ्यांच्या झोळीत पडते.

"आणि माल कुठं भरणार?" त्यांनी गाडीखालून विचारलं.

"ट्रॉलीत," मुलगा म्हणाला.

"ट्रॉलीत कुठं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. मला कळला. मी म्हणाले, "मिस्त्री, गाडी उलाळ होता कामा नये, असंच ना?"

ते बाहेर आले. चेहऱ्यावर काळं तेल, पण हसले. "कोणत्या गावच्या तुम्ही?"

तुमच्यातल्या जुन्या माणसांना उलाळ शब्द सांगायला नको. बैलगाडीत मागच्या अंगाला ओझं जास्त झालं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यांना जोती आवळतात. ती गाडी उलाळ. पुढे जास्त झालं तर खांदे दबतात, ती धुरजड. माझे वडील गाडी भरून झाली की दोन बोटांनी दांडी उचलून बघत आणि चार पेंढ्या पुढे-मागे करत. मोटारीच्या ट्रॉलीचंही तेच गणित आहे. ओझं आखाच्या थोडं पुढे पाहिजे, म्हणजे दांडीचा बेताचा भार हुकावर राहतो. मागे गेलं तर ट्रॉली सापासारखी डावी-उजवी वळवळायला लागते आणि वेग वाढला की ओढणाऱ्या गाडीलाच झोपवते. तसं झालं तर कचकन ब्रेक मारायचा नाही आणि गाडी पळवायचीही नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप पडू द्यायचा.

मग मिस्त्री घरधन्यांकडे वळले. "मालक, दिवे घाट माल भरून चढणार का उतरणार?"

ह्यावर आमच्यापैकी कोणीच विचार केला नव्हता. सासवडकडून पुण्याला येताना घाट उतरायचा. म्हणजे भरलेली ट्रॉली उताराला आणि रिकामी चढाला. बोलेरोचे ब्रेक बोलेरोपुरते. मागच्या ट्रॉलीला ब्रेकच नाही, ती पाठीवर ढकलत येणार. त्याच घाटात आषाढीला माउलींच्या पालखीचा रथ वर चढवायला जादा बैलजोड्या लावतात, हे तुम्ही पाहिलंही असेल. चढाला जोडी वाढवता येते, उताराला काय वाढवणार? आमच्या बैलगाडीला निदान चाकावर लाकडी ठोकळा दाबणारा ब्रेक होता.

घरधनी म्हणाले, "हळू येऊ."

मिस्त्री म्हणाले, "ट्रॉलीला नंबर आहे का?"

नंबर कुठला असायला! ते म्हणाले, "मग आधी आर.टी.ओ.चं विचारून या. मी हूक करीन, माझं काम आहे. पण नंतर तुम्ही मला शिव्या द्याल."

माझे एक चुलत दीर मोटार वाहन निरीक्षक होते, आता निवृत्त होऊन कोथरूडला असतात. सरकारी कचेरीत रांग लावण्यापेक्षा ते बरे, म्हणून तिकडे गेलो. त्यांच्या गच्चीतून वेताळ टेकडी दिसते. गाड्यांच्या परीक्षा घेणारी मोठी संशोधन संस्था, जिला ए.आर.ए.आय. म्हणतात, ती १९६६ पासूनची त्याच टेकडीवर आहे. भाऊजींनी चहाचा कप त्या बाजूला दाखवून सांगितलं, "दादा, कंपनी नवी गाडी करते तेव्हा अशा ठिकाणी तिची तपासणी होते. ब्रेक किती धरतो, वजन किती पेलते. मग ती विकायची परवानगी. तुम्ही मागे दांडा लावून वर अर्धा टन जोडला, तर ती तपासलेली गाडी राहिली का?"

कायदा त्यांनी तोंडपाठ सांगितला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम. कंपनीने जी गाडी दिली तिच्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ साली कायदा बदलला तेव्हापासून असा बदल केला तर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाड्यांच्या पुढच्या तोंडावरचे ते लोखंडी गार्डसुद्धा केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये पत्र काढून बेकायदा ठरवले. आणि ट्रॉली? कायद्याच्या लेखी मोटारीने ओढायची ती प्रत्येक ट्रॉली हे एक वाहनच आहे. तिची स्वतःची नोंदणी पाहिजे, नंबर तिच्या अंगावर पाहिजे, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर तिच्या पाठीवर पाहिजे.

"आपल्या गावात किती ट्रॉल्यांवर तो आहे, वहिनी?" त्यांनी मला विचारलं. मी मनात मोजायला लागले आणि लवकरच थांबले.

घरधन्यांचा पारा चढला. "गावाकडं कोण इचारतंय? मध्यरातीला निगायचं, पाटंला यार्डात. पोलीस काय घाटात बसल्यात?"

भाऊजी शांतपणे म्हणाले, "पोलीस नसतील. पण ट्रॉली सुटून कोणाला लागली, तर विम्याची कंपनी पहिल्यांदा हेच विचारील, की हा हूक गाडीला कोणी लावला. मग भरपाई शेत विकून द्या."

मुलगा म्हणाला, "काका, सुटणार कशी? साखळ्या लावू की."

तेव्हा मी बोलले. पोरांसमोर ही गोष्ट मी फारशी काढत नाही.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं, नीरेच्या डाव्या कालव्यावरचं. १९८७ सालच्या ऊसतोडीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ सोळा वर्षांचा होता. भाड्याच्या ट्रॅक्टरमागे दोन चाकांची ट्रॉली, वर ऊस. वडील त्या दिवशी परगावी गेले होते, त्यामुळे दांडी उचलून बघणारं कोणी नव्हतं. जास्तीत जास्त मोळ्या बसाव्यात म्हणून मागच्या अंगाला रचल्या होत्या. भाऊ बसला होता ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर, पोरं बसतात तसा. जोडाची मूळ पिन कधीतरी हरवली होती आणि तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा एक तुकडा घातलेला होता. कालव्याचा भराव चढताना एक दणका बसला, सळई वर उडाली आणि उलाळ ट्रॉली मागच्या मागे कलंडली. दांडी भावाला घेऊन वर गेली. तो खाली पडला. तेवढ्यात वरच्या मोळ्या मागे घसरल्या, ट्रॉली हलकी झाली आणि तीच दांडी खाली आली ती त्याच्या उजव्या पायावर. पुण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्या सळईची किंमत काहीच नव्हती. बांधकामावरून कोणीतरी उचलून आणलेली. माझी आई पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, की मी बाजारातून पिन आणली असती. जशी काही ती तिचीच जबाबदारी होती.

गच्चीत कोणी बोललं नाही. चहा निवला.

हूक बसवायचा नाही, हे सांगायची गरज उरली नाही. परत हडपसरवरूनच जायचं होतं, म्हणून मिस्त्रींना निरोप द्यायला थांबलो. त्यांना राग आला नाही. वखारीतल्या माणसासारखे हात झाडत म्हणाले, "बरं केलंत." आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "घरी ट्रॅक्टर आहे ना? त्याच्या ट्रॉलीला पिन कसली आहे?"

घरधनी काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर रस्त्यावर नेली. मुलगा हळूच म्हणाला, "आई, सळईच आहे. मागच्या दिवाळीपासून."

वाचकहो, तुम्हाला काय सांगू? भाऊजींच्या गच्चीत मी भावाची गोष्ट सांगून सगळ्यांना गप्प केलं होतं, आणि माझ्याच दारातल्या ट्रॉलीला सळई होती. तिच्यात मी शेणखत भरलं होतं, सरपण भरलं होतं. नातू तिच्या दांडीवर बसून खोटं ट्रॅक्टर चालवत होता, ते मी कौतुकाने बघितलं होतं. पण जोड कशाने धरला आहे हे वाकून बघितलं नव्हतं. घरधन्यांना बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि त्यांना माझ्याकडे बघायला.

मिस्त्रींनी फळीवरून एक पिन काढली. मनगटाहून थोडी बारीक, वर कडी, खालच्या टोकाला भोक आणि त्या भोकात अडकवायचं स्प्रिंगचं लॉक. लॉक हरवू नये म्हणून ते बारीक साखळीने पिनेलाच बांधलेलं. दणका बसला तरी पिन वर येत नाही. तिचे त्यांनी जे पैसे सांगितले, त्यांत त्या दिवशी आम्ही तिघांनी नाना पेठेत खाल्लेली मिसळसुद्धा आली नसती. शिवाय त्यांनी ट्रॉलीच्या पाठीला लावायला लाल चकाकणाऱ्या दोन पट्ट्या दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत.

दिवे घाट चढताना अंधार पडला. मस्तानी तलावाच्या बाजूला, खाली, दिवे लागले होते. पुढे एक ट्रॅक्टर चालला होता, मागे ट्रॉली, पाठीला काही चकाकणारं नाही. मुलाने दिवे टाकले तेव्हा दांडीवर बसलेला एक माणूस दिसला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बहुधा पेंगत होता. घरधन्यांनी काच खाली केली, गाडी बाजूला आल्यावर ओरडले, "अरं ए, वर बस, ट्रॉलीत बस!" त्याने हात केला. ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

टेंपोचं आम्ही काय केलं, ते तुम्ही विचाराल. ह्या बहाराला चार घरांनी मिळून एक पिकअप ठरवला आहे. नंबर असलेला, मालाचा परवाना असलेला. भाडं जास्त पडतं. रात्री एकला निघतो आणि कोणाची वाट बघत नाही. एकदा आमचेच बारा क्रेट राहिले, कारण आम्हालाच उशीर झाला होता. थोरला अजून म्हणतो, की सरकारने लहान ट्रॉल्यांचा नियम सोपा करावा, परदेशात जमतं ते आपल्याकडे का जमू नये. त्याचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही. तपासलेला हूक, ब्रेकची ट्रॉली आणि तिला नंबर, हे सगळं रीतसर मिळालं तर मी स्वतः पैसे काढून देईन.

त्या रात्री घरी पोचलो तेव्हा सुनेने भाकरी टाकायला घेतल्या होत्या. घरधनी हातपाय न धुताच गोठ्याकडे गेले. मी बॅटरी धरली. सळई गंजून अडकली होती, निघेना. त्यांनी हातोडीचे चार घाव घातले तेव्हा ती खाली पडली. नवी पिन बसली, लॉक खट्‌ करून लागलं. मी वाकून ते एकदा ओढून बघितलं. मग त्यांनी ओढून बघितलं.

सळई उचलून ते म्हणाले, "ही कुठं टाकू?"

"द्या इकडं," मी म्हणाले, आणि नातवाच्या हाती लागू नये म्हणून ती शेणाच्या उकिरड्यात खोल खुपसून आले.